टेनिस सर्व्ह: पाय कुठे ठेवायचे, कधी हलवायचे आणि कधी अजिबात हलवायचे नाहीत

सर्व्ह नेटमध्ये जायला लागली की खेळाडू हाताला दोष देतो. टॉस (सर्व्ह मारण्यासाठी चेंडू वर टाकणं) उंच करून बघतो, पकड बदलतो, मनगट झटकतो. दोन-चार सर्व्ह बऱ्या पडतात आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अशा वेळी फोनचा कॅमेरा खाली बुटांवर धरला की वेगळंच दिसतं. चेंडू हातातून सुटायच्या आधीच मागचा पाय सरकलेला, पुढची टाच अधांतरी आणि दोन्ही गुडघे काठीसारखे सरळ. टॉस अशा पायांवरून निघत असेल तर तो रोज वेगळ्या जागी जाणारच.

पायांचं काम शिकताना घोळ होतो तो क्रमाचा. आधी जागा, मग पावलांची दिशा, मग वजन, मग गुडघे आणि सगळ्यात शेवटी उडी. बहुतेक जण टीव्हीवर पाहिलेल्या उडीपासून सुरुवात करतात आणि मागच्या चार गोष्टी तशाच राहतात. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. एक टप्पा अंगवळणी पडल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी आहे. पुढचा पाय म्हणजे डावा, मागचा म्हणजे उजवा. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं. बेसलाइन म्हणजे कोर्टच्या मागच्या टोकाची रेषा आणि सेंटर मार्क म्हणजे तिच्या मधोमध असलेली छोटी खूण. ड्यूस कोर्ट म्हणजे सेंटर मार्कच्या उजवीकडची बाजू आणि ॲड कोर्ट म्हणजे डावीकडची.

## कोर्टवर जाण्याआधी

टेनिसचेच बूट घाला. पळण्याच्या बुटांची टाच उंच आणि मऊ असते, त्यामुळे अंग वळताना घोटा बाजूला कलंडू शकतो. शिवाय मागचा पाय ओढून घेणाऱ्यांच्या बुटाचं नाक लवकर झिजतं. त्या जागी जाड रबर असलेला बूट घ्यावा. जुने बूट उलटे करून पाहा. उजव्या बुटाचं नाक आतल्या बाजूने घासलेलं असेल तर तुमचा मागचा पाय सर्व्हच्या वेळी ओढला जातो, मग तुमच्या लक्षात येवो न येवो.

खडू किंवा चिकटपट्टी जवळ ठेवा. फोन ठेवायला तिपाई मिळाली तर उत्तम, नाहीतर कुंपणाला टेकवूनही चालतो. चित्रण दोन ठिकाणांहून हवं: एक बरोबर पाठीमागून आणि एक उजव्या बाजूने, बेसलाइनच्या रेषेत. बाजूच्या चित्रणात पायाचं टोक आणि रेषा यांच्यातली फट स्पष्ट दिसली पाहिजे. फोनमध्ये संथ गतीची सोय असेल तर तीच वापरा, कारण पायांची हालचाल साध्या गतीत नजरेतून निसटते.

अंग गरम करताना खांद्यांइतकंच लक्ष घोटे, पोटऱ्या आणि खुब्यांकडे द्या. चवड्यांवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करणं, एका पायावर तोल सांभाळणं, थोडं खाली बसून उठणं, इतकं पुरे.

## टप्पा १: उभं राहायची जागा

एकेरीत ड्यूस बाजूला सेंटर मार्कपासून साधारण अर्धा मीटर उजवीकडे उभे राहा. ॲड बाजूला थोडं जास्त, मीटरभर डावीकडे गेलात तरी हरकत नाही. दुहेरीत सेंटर मार्क आणि दुहेरीची साइडलाइन यांच्या साधारण मधोमध उभे राहा, कारण अर्धं कोर्ट जोडीदार सांभाळतो. एकेरीच्या सामन्यात एकेरी आणि दुहेरीच्या साइडलाइनींमधल्या पट्ट्याच्या मागे उभं राहून सर्व्ह करता येत नाही. कोर्टवर चारही रेषा आखलेल्या असल्या की हे विसरायला होतं.

पुढच्या पायाचं टोक बेसलाइनपासून चार बोटं मागे ठेवा. रेषेला चिकटून उभं राहिल्याने काही मिळत नाही. कोर्टची लांबी २३.७७ मीटर आहे, त्यात सात-आठ सेंटिमीटरने चेंडूला कसला फरक पडणार? फूट फॉल्टचा (सर्व्ह करताना पाय रेषेला लागण्याच्या चुकीचा) धोका मात्र चांगलाच वाढतो.

तपासा: चार बोटांची फट डोळ्यांनी मोजू नका. पाय ठेवा, वाका आणि हात लावून बघा. अगदी सुरुवातीला हे प्रत्येक सर्व्हला करावं.

## टप्पा २: पुढचं पाऊल

पुढच्या पावलाबद्दल दोन सूचना सर्रास दिल्या जातात: “उजव्या नेट पोस्टकडे रोखा” आणि “४५ अंशांत ठेवा”. दोन्ही एकच असल्यासारख्या सांगतात, पण त्या एक नाहीत. सेंटर मार्कजवळ उभं राहून पाऊल दुहेरीच्या नेट पोस्टकडे रोखलं तर ते समोरच्या दिशेपासून सुमारे २८ अंशच वळतं. ४५ अंश वळवलं तर ते रोखलं जातं तुमच्याच बाजूची सर्व्हिस लाइन (नेट आणि बेसलाइन यांच्यामधली आडवी रेषा) उजवीकडे वाढवल्यावर दुहेरीच्या साइडलाइनला जिथे मिळेल तिथे. (बेसलाइन ते सर्व्हिस लाइन आणि सेंटर मार्क ते दुहेरीची साइडलाइन, दोन्ही अंतरं ५.४८५ मीटर आहेत, म्हणून हा कोन बिनचूक जुळतो.) ज्यांचे खुबे लवचीक आहेत त्यांनी ४५ अंशांकडे झुकावं. कंबर ताठ असलेल्यांनी किंवा वय झालेल्यांनी नेट पोस्टच्या जवळ राहावं. या दोन खुणांच्या मधलं काहीही चालेल, त्याच्या बाहेरचं नको.

पाऊल थेट नेटकडे रोखलं तर छाती आधीच समोर येते आणि अंग वळवायला काही उरत नाही. नवशिक्यांची ही पहिली चूक. उलट पाऊल बेसलाइनला पूर्ण समांतर ठेवलं तर खुबा अडतो आणि चेंडू मारताना सगळा पीळ डाव्या गुडघ्यावर येतो.

इशारा: सर्व्हनंतर डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर आधी पुढच्या पावलाचा कोन पाहा. दुखणं तसंच राहिलं तर सराव थांबवून तज्ज्ञाला दाखवा.

## टप्पा ३: मागचं पाऊल आणि दोन्ही टोकांची रेषा

मागचं पाऊल बेसलाइनला जवळपास समांतर ठेवा. दोन्ही पावलांमध्ये खांद्यांइतकं किंवा त्याहून किंचित कमी अंतर ठेवा. जास्त रुंद उभं राहिलं की भक्कम वाटतं खरं, पण वजन मागून पुढे न्यायला वेळ लागतो आणि टॉस त्याआधीच खाली यायला लागतो.

आता महत्त्वाचं. मागच्या बुटाच्या टोकापासून पुढच्या बुटाच्या टोकाला लावलेली रेषा, पुढे वाढवली तर, ज्या सर्व्हिस चौकोनात चेंडू टाकायचा आहे त्याच्या मध्याकडे गेली पाहिजे. ड्यूस बाजूला लक्ष्य समोरून थोडं डावीकडे असतं, ॲड बाजूला थोडं उजवीकडे. दोन्ही बाजूंमध्ये मिळून पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो. म्हणजे ॲड बाजूला गेल्यावर अख्खा पवित्रा तेवढा उजवीकडे फिरवायचा: मागचा पाय डावीकडे सरकतो आणि पुढचं पाऊलही त्याच प्रमाणात वळतं. नेट पोस्टची खूण ड्यूस बाजूची आहे. ॲड बाजूला ती उपयोगाची नाही.

हे न केल्यामुळे अनेकांची “ड्यूसला बरी, ॲडला बोंब” अशी तक्रार असते. पाय ड्यूसचेच राहतात, चेंडू डावीकडे शेजारच्या चौकोनात जायला लागतो आणि मग खेळाडू हाताने तो उजवीकडे ढकलतो. खांदा दुखण्याचं हेही एक कारण असतं.

तपासा: पवित्रा घ्या, रॅकेट जमिनीवर दोन्ही बुटांच्या टोकांना टेकवून ठेवा, मागे जा आणि रॅकेटचा रोख बघा. दोन्ही बाजूंना हे करा. बहुतेकांना ॲड बाजूला धक्का बसतो.

## टप्पा ४: कोणती पद्धत, प्लॅटफॉर्म की पिनपॉइंट

प्लॅटफॉर्ममध्ये दोन्ही पाय जिथे ठेवले तिथेच राहतात आणि तिथूनच वर जोर लावला जातो. रॉजर फेडरर आणि नोव्हाक जोकोविच यांची सर्व्ह अशी. पिनपॉइंटमध्ये टॉस वर जात असताना मागचा पाय पुढच्या पायाजवळ येतो आणि दोन्ही पाय मिळून उसळी घेतात. सेरेना विल्यम्स आणि राफेल नदाल यांची सर्व्ह अशी. दोन्ही पद्धतींनी ग्रँड स्लॅम जिंकली गेली आहेत, तेव्हा श्रेष्ठ कोणती हा वाद निरर्थक आहे. तुम्हाला कोणती झेपते एवढंच बघायचं.

माझं मत सरळ आहे: ज्याचा टॉस अजून भटकतो त्याने प्लॅटफॉर्मच घ्यावी. हलणारा भाग एक कमी, म्हणजे बिघडणारा भाग एक कमी. पिनपॉइंटमुळे वजन पुढे आणि वर नेणं सोपं जातं, पण पाय वेळेवर पोचला नाही तर त्या फायद्याचं नुकसान होतं.

पिनपॉइंट घेणार असाल तर मागच्या पायाचे तीन नियम पाळा.

पहिला, तो पुढच्या पायाच्या किंचित मागे आणि उजवीकडे येऊन थांबतो. पुढे जात नाही. तो पुढच्या पायाला वळसा घालून रेषेकडे गेला की उजवा खुबा त्याच्यासोबत फिरतो, छाती नेटकडे उघडते आणि अंगाचा पीळ चेंडूला भिडण्याआधीच सुटून जातो.

दुसरा, तो जमिनीलगत येतो. पाय उचलून टाकला की डोकं वर-खाली होतं आणि नजरेसमोरचा टॉस हलल्यासारखा वाटतो. बुटाचं टोक जमिनीवरून हलकेच घासत आणा.

तिसरा आणि सगळ्यात जास्त चुकणारा: गुडघे सर्वांत जास्त वाकतात ते पाय येऊन पोचल्यावर, त्याआधी नाही. पाय अजून प्रवासात असताना वरचा जोर सुरू झाला तर तो एकट्या डाव्या पायाचा जोर होतो.

इशारा: आज प्लॅटफॉर्म, उद्या पिनपॉइंट असं करू नका. एक पद्धत निवडा आणि निदान काही आठवडे तिला चिकटून राहा. सामन्याच्या मध्यात पद्धत बदलणं तर सोडूनच द्या.

## टप्पा ५: वजनाचा झोका आणि टॉस

उभे राहिल्यावर वजन कुठे असावं यावर प्रशिक्षकांत एकमत नाही. काही जण पुढच्या पायावर सुरू करून मागे झुलतात आणि पुन्हा पुढे येतात. काही जण मागच्या पायावरच सुरू करतात. शिकणाऱ्याला दुसरा मार्ग सोपा पडतो, कारण वजन एकदाच हलवायचं असतं. पहिल्या मार्गात लय जास्त सापडते. कोणताही घ्या, पण वजन चवड्यांवर हवं. टाचांवर रेललेला माणूस टॉस हमखास डोक्यामागे टाकतो.

टॉस आणि वजन यांची सांगड अशी बसते. रॅकेटचा हात आणि टॉसचा हात एकत्र खाली जातात तेव्हा वजन मागे. टॉसचा हात वर निघतो तेव्हा वजन पुढे सरकायला लागतं, पण सावकाश. चेंडू बोटांतून सुटतो तेव्हा वजन दोन्ही पायांवर साधारण सारखं आणि डावा खुबा हळूच पुढे, बेसलाइनच्या वर झुकू लागलेला. चेंडू वरच्या टोकाला पोचेपर्यंत पुढच्या पायावर स्पष्ट भार आलेला असतो. हात वर जाताना वजन अजून मागेच राहिलं, तर टॉस मागे जातो. वजन हाताच्या आधी पुढे पळालं, तर टॉस फार पुढे जातो आणि तुम्ही त्याच्यामागे धावता. टॉस “सुधारताना” लोक हाताचा कोन बदलत बसतात ते इथेच फसतात.

खुबा पुढे काढणं म्हणजे कंबर मागे वाकवणं नव्हे. डावा खुबा पुढच्या पावलाच्या वर येतो, पाठ लांब राहते. कमरेतून कमान काढणाऱ्यांची पाठ काही महिन्यांत कुरकुर करायला लागते.

तपासा: पुढच्या पायाच्या टोकासमोर, कोर्टच्या आत एक हातभर अंतरावर रॅकेट जमिनीवर आडवी ठेवा. फक्त टॉस टाका, मारू नका, चेंडू खाली पडू द्या. तो रॅकेटच्या डोक्यावर किंवा आसपास पडला पाहिजे. आता हेच पाय पूर्ण स्थिर ठेवून करा आणि मग वजनाचा झोका देऊन करा. झोका दिल्यावरच चेंडू भटकत असेल, तर दोष झोक्याचा आहे, हाताचा नाही.

## टप्पा ६: गुडघे

गुडघे किती वाकवायचे हा प्रश्न नेहमी येतो, केव्हा हा फारसा कुणी विचारत नाही. टॉसचा हात वर जाताना गुडघे खाली जायला लागतात आणि रॅकेट ट्रॉफी पोझमध्ये (टॉसचा हात वर, रॅकेटचा हात कोपरात वाकून मागे) येते, तेव्हा सगळ्यात खाली असतात. तिथे ते थांबत नाहीत. खाली जाऊन लगेच वर येतात. खाली बसून टॉसची वाट बघत राहिलात तर पायांत साठलेली उसळी विरून जाते आणि पुन्हा शून्यातून ढकलावं लागतं. चित्रणात गुडघे दोनदा वाकलेले दिसले, तर समजा की टॉस जास्त उंच जातोय किंवा तुम्ही फार लवकर वाकताय.

खोलीचं म्हणाल तर वाकल्यावर पुढचा गुडघा बुटाच्या टोकाच्या वर यावा आणि पाठ ताठ राहावी. त्याहून खाली गेल्यास वर यायला उशीर होतो. दोन्ही गुडघे वाकले पाहिजेत. फक्त पुढचा वाकवला की अंग पुढे कलंडतं आणि चेंडू नेटमध्ये जातो. गुडघे बुटांच्या टोकांच्या दिशेतच वाकवा, आत पडू देऊ नका.

तपासा: ट्रॉफी पोझमध्ये थांबून तीन आकडे मोजा. डगमगलात तर पाय फार जवळ आहेत किंवा वजन टाचांवर आहे. (हे थांबणं फक्त तपासणीसाठी आहे. खऱ्या सर्व्हमध्ये थांबायचं नाही.)

## टप्पा ७: वर जाणं

इथे एक गोष्ट मनात पक्की करा: उडी मारायची नसते, ती होते. पायांनी जमिनीला जोरात ढकललं, खुबा आणि खांदा वळला, हात वरच्या दिशेने गेला, की पाय आपोआप जमीन सोडतात. मुद्दाम उडी मारणारा खेळाडू जमिनीवरून सुटतो तेव्हा त्याचा हात अजून खालीच असतो, आणि चेंडूला भिडेपर्यंत तो खाली यायला लागलेला असतो.

मागचा पाय उजवा खुबा वर आणि पुढे लोटतो, पुढचा पाय सरळ होत अंगाला वर उचलतो. दिशा आधी वर, मग पुढे. चेंडू रॅकेटला लागेपर्यंत नजर आणि हनुवटी वर. टाचा सगळ्यात आधी उठतात, बोटं सगळ्यात शेवटी.

हा टप्पा नेहमी तीन पायऱ्यांत करावा. आधी दोन्ही पाय जमिनीला खिळवून, टाचासुद्धा न उचलता सर्व्ह करा. वेग जाईल, जाऊ दे. मग टाचा उचलू द्या पण बोटं जमिनीवर. मग पूर्ण सोडा. मधल्या पायरीत चेंडू चांगला लागत असेल आणि शेवटच्या पायरीत बिघडत असेल, तर तुम्ही उडी “मारताय”. पुन्हा मधल्या पायरीवर या.

## टप्पा ८: उतरणं आणि पुढच्या फटक्याची तयारी

उतरायचं पुढच्या म्हणजे डाव्या पायावर, कोर्टच्या आत. मागचा पाय पाठीमागे वर जातो, त्याने तोल राहतो. डावा गुडघा उतरताना वाकलेला हवा. सरळ पायावर आदळलात तर सगळा दणका घोट्यापासून कमरेपर्यंत जातो.

चेंडू मारण्याआधीच उजवा पाय पुढे टाकून कोर्टमध्ये “चालत” जाणं ही जुनी सवय अनेकांना असते. त्यात नियमाचाही धोका आहे आणि जोरही गळतो. डावीकडे पडत उतरत असाल, तर टॉस डावीकडे गेलाय किंवा खुबे लवकर उघडलेत.

उतरल्यावर उजवा पाय खाली येतो आणि लगेच एक-दोन छोट्या पावलांनी बेसलाइनच्या मागे जायचं. समोरचा खेळाडू चेंडू मारायच्या क्षणी हलकी स्प्लिट स्टेप, म्हणजे छोटी उसळी घेऊन दोन्ही पायांवर उतरणं. सर्व्ह बघत कोर्टच्या आतच उभे राहिलात तर खोल आलेला परतीचा फटका पायांत घुसतो. सर्व्ह करून नेटकडे जाणाऱ्यांसाठी उतरणं अगदी हेच, फक्त उजवा पाय मागे न येता पुढचं पाऊल बनतो.

तपासा: डाव्या पायावर उतरून एक सेकंद तसेच थांबता येतं का? येत नसेल तर वेग कमी करा आणि जमेपर्यंत तसंच मारा.

## फूट फॉल्ट: नियम नेमका काय

सर्व्ह सुरू करण्याआधी दोन्ही पाय स्थिर हवेत, बेसलाइनच्या मागे, आणि सेंटर मार्क व साइडलाइन यांच्या काल्पनिक वाढीव रेषांच्या दरम्यान. हालचाल सुरू झाल्यापासून रॅकेट चेंडूला लागेपर्यंत (किंवा चुकेपर्यंत) पुढच्या गोष्टी चालत नाहीत: चालत किंवा धावत जागा बदलणं, बेसलाइनला किंवा कोर्टला पाय लागणं, साइडलाइनच्या काल्पनिक रेषेबाहेर पाय टेकणं, सेंटर मार्कच्या काल्पनिक रेषेला पाय लागणं. पायांची किरकोळ हालचाल चालते, म्हणूनच पिनपॉइंट वैध आहे.

पाय हवेत असताना रेषेच्या पुढे गेला तर तो फूट फॉल्ट नाही. चेंडू मारून मगच आत उतरलात तर सगळं ठीक. अनेकांना वाटतं की उडी रेषेवरून जाता कामा नये. तसं काही नाही.

सेंटर मार्कची वाढीव रेषा मात्र दुर्लक्षित राहते. ड्यूस बाजूला तुमच्या डाव्या पायाची टाच तिच्याकडे असते, ॲड बाजूला बोटं. ॲड बाजूला सेंटर मार्कला चिकटून उभं राहून पिनपॉइंट केली तर मागून आलेला उजवा पाय सहज त्या रेषेवर पडतो. तिथे काही आखलेलं नसतं, म्हणून खेळाडूला कळतही नाही. मार्कच्या मागे खडूने एक रेघ ओढा आणि तीवर सराव करा.

इशारा: फूट फॉल्ट ही साधी फॉल्टच धरली जाते, म्हणजे दुसऱ्या सर्व्हला झाली की थेट गुण जातो. २००९ च्या अमेरिकन ओपनच्या उपांत्य सामन्यात सेरेना विल्यम्सवर दुसऱ्या सर्व्हला फूट फॉल्ट दिली गेली आणि किम क्लायस्टर्सला मॅच पॉइंट मिळाला, म्हणजे सामना जिंकायला एकच गुण उरला. त्यावरून पुढे मोठा वाद झाला. चार बोटांची फट ठेवायला सांगितलं ते याचसाठी.

मातीच्या कोर्टवर पायाचा ठसा उमटतो. सर्व्ह करून मागे या आणि ठसा बघा. सरकल्याची लांब रेघ दिसते की एकाच जागी खोल खूण, यावरून बरंच कळतं. हार्ड कोर्टवर बुटाच्या टोकाला खडू लावा.

## चेंडू कुठे पडला त्यावरून पाय ओळखा

सलग नेटमध्ये: मागचा गुडघा वाकत नसेल, किंवा पाय लवकर सरळ होऊन अंग खाली येत असेल. टॉस पुढे गेलाय का तेही पाहा.

सलग लांब: वजन मागेच राहिलंय, चेंडू डोक्यावरून मागे लागतोय. टप्पा ५ पुन्हा.

डावीकडे ओढला जातो: खुबे लवकर उघडतात. प्लॅटफॉर्ममध्ये पुढच्या पावलाचा कोन बघा, पिनपॉइंटमध्ये मागचा पाय वळसा घालतोय का ते बघा.

पहिल्या सेटमध्ये बरी, नंतर बिघडते: पाय थकलेत. गुडघे कमी वाकतात आणि ती कमी हात भरून काढायला जातो. अशा वेळी सगळा जोर लावून मारू नका. टॉस किंचित खाली ठेवा आणि गुडघ्यांची लय सांभाळा.

दुसरीच सर्व्ह बिघडते: भीतीने पाय बांधले जातात. दुसऱ्या सर्व्हला खेळाडू हात सावकाश करतो आणि त्याच्याबरोबर पायही. व्हायला हवं उलट. वेग कमी हवा असेल तर तो फिरकी वाढवून कमी करा. गुडघे पहिल्या सर्व्हइतकेच, जमल्यास थोडे जास्त वाकवा. चेंडूला नेटवरून वर उचलायचं काम पायांचंच आहे.

## सरावाची आखणी

एका सत्रात एकच टप्पा. सुरुवातीला चेंडू आणि रॅकेटशिवाय पवित्रा, वजन, गुडघे अशा काही फेऱ्या, मग फक्त टॉस, मग निम्म्या वेगाने सर्व्ह. ड्यूस आणि ॲड आलटून-पालटून, कारण सामन्यातही प्रत्येक गुणाला बाजू बदलते आणि पवित्रा नव्याने लावावा लागतो. एकाच जागेवरून टोपलीभर चेंडू मारत राहिलात तर पाय एकदाच लावले जातात आणि मुख्य सराव राहूनच जातो. म्हणून दर सर्व्हनंतर दोन पावलं मागे जा आणि नव्याने उभे राहा.

पायांजवळ सुटे चेंडू ठेवू नका. सर्व्ह करून उतरताना चेंडूवर पाय पडला तर घोटा मुरगळतो. मागच्या पायाला अडवण्यासाठी काही ठेवायचंच असेल तर सपाट रबरी खूण ठेवा.

सामन्यात मात्र यातलं काहीही आठवत बसू नका. दोन गुणांमध्ये नियमाने जास्तीत जास्त २५ सेकंद मिळतात. तेवढ्यात रेषेमागे या, पुढचं पाऊल लावा, मागचं लावा, चेंडू दोन-तीनदा टप्पा पाडून घ्या आणि सर्व्ह करा. टप्पे पाडताना वजन चवड्यांवर आलंय का, एवढीच एक तपासणी.